झुलप्याला माणूस चालत नाही

माझं आयुष्य लोकांची डोकी हातात घेण्यात गेलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मानेभोवती कापड बांधतानाच मी सांगू शकतो, याला कोंडा आहे, याला चाई पडतेय, याने केस घरी रंगवून घेतलेत आणि ते बायकोने रंगवलेत, कारण कानही रंगलेत. त्यामुळे झुलप्या पोट खाजवायला लागला तेव्हा मी कुणाला विचारायला गेलो नाही. त्याला उताणा केला, केस बाजूला सारून पाहिलं आणि बायकोला म्हटलं, “कोंडा आहे. दोन आंघोळींत जाईल.”

“तो कुत्रा आहे,” बायको म्हणाली.

“केस ते केसच.”

दुकानातला कोंड्यावरचा जालीम शाम्पू आणला आणि त्याला चोळचोळून आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट लालभडक झालं, आणि तो पुढचे पंजे असे चाटायला लागला की पायांचे पांढरे केस तांबूस पडले. बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा महाग पडतं. पोस्टात खिडकीवर बसून दिवसभर लोकांशी बोलते ना, घरी येऊन न बोलण्याची तिला चांगली सवय आहे.

झुलप्याच्या जातीचं विचारू नका, ती त्याची त्यालाही ठाऊक नाही. कपाळावरचं एक झुलूप सारखं डोळ्यांवर येतं आणि ते मी कापतो, म्हणून झुलप्या. घरात आम्ही तिघं, मी, बायको आणि माझी आत्या. पण तो कुणाचा म्हणाल तर माझा. संध्याकाळी मी दुकानातून आलो की दारातच मला खाली बसवतो. आधी माझे हात हुंगतो. मग शर्टाच्या कॉलरमध्ये नाक घालून तिथे अडकलेले बारीक केस हुंगतो, म्हणजे दिवसभरात कोण कोण खुर्चीत बसलं ते एकेक करून तपासतो. आणि शेवटी माझ्या उजव्या कानामागे नाक टेकवून एक लांब श्वास सोडतो. तिथे पोचला की त्याची खात्री पटते, आलाय तो आपलाच आहे. मग माझी सुटका.

लहान होता तेव्हा मी दुकानात गेलो की दाराशी बसून रडायचा. तेव्हा मी त्याला गादी शिवून दिली. आत दुकानातले विरलेले टॉवेल आणि गिऱ्हाइकांच्या गळ्याभोवतीची जुनी कापडं ठासून भरली. गादीवर बसवला आणि पठ्ठ्या गप्प. तेव्हापासून ती गादी हेच त्याचं घर. वरची खोळ मी दर रविवारी न चुकता धुतो, उगाच कुणी नावं ठेवायला नको.

नेहमीच्या जनावरांच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, मलम दिलं. गोळ्या असेपर्यंत बरं, संपल्या की पुन्हा तेच. कान सुजले, त्यांना आंबूस वास यायला लागला. शेवटी तो डॉक्टरच हात टेकून म्हणाला, “ही ॲलर्जी आहे. कशाची ते मला सांगता येणार नाही. प्राण्यांच्या कातडीच्या स्पेशालिस्ट आहेत, त्यांच्याकडे जा.”

कुत्र्याच्या कातडीला वेगळा डॉक्टर असतो हे ऐकून आत्या दोन दिवस हसत होती. “माझ्या गुडघ्याला कुणी स्पेशालिस्ट दाखवला नाही,” म्हणाली.

या डॉक्टरीणबाई सडपातळ होत्या आणि हळू बोलायच्या. माझ्या शाम्पूची हकिकत त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, “माणसाची कातडी वेगळी, कुत्र्याची वेगळी. पुन्हा करू नका.” मी मान डोलावली, पण मनातून चिडलो होतो. केस ते केसच, असं मला अजूनही वाटत होतं.

त्यांनी आधी कान आणि कातडी साफ व्हायला औषध दिलं, पिसवा नाहीत याची खात्री केली, आणि मग म्हणाल्या की खाण्याची ॲलर्जी आहे का ते आधी बघू. एक खास कोरडं खाणं दिलं. फक्त तेच द्यायचं, दुसरा कणही नाही. एका बिस्किटाने सगळ्यावर पाणी फिरेल.

आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं ते विचारू नका. चहाबरोबरचं माझं बिस्किट मी उभ्याने, दार लावून खायला लागलो. आत्याच्या पदराला चुरा दिसला की बायको बघायची. बायकोचा डबा उघडा राहिला की आत्या बघायची. आणि दोघी मिळून माझ्याकडे बघायच्या.

“खरं सांग आत्या,” मी एकदा विचारलंच, “तू देतेस ना काही?”

“मी? अरे, तो माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तू घरात नसलास की त्या गादीवर पडून असतो. द्यायचं झालं तरी गादीपर्यंत जाऊन वाकायचं कुणी, या गुडघ्यांनी?”

हे पटण्यासारखं होतं. पण मग झुलप्या का खाजवतोय? सांगितल्याप्रमाणे सगळं झालं, मुदत संपली, खाज तसूभर कमी झाली नाही. डॉक्टरीणबाई मात्र खूश. “छान. म्हणजे खाण्याचं नाही,” म्हणाल्या. एवढी फजिती करून काहीच हाती लागलं नाही यात छान काय, ते मला कळेना. त्या म्हणाल्या, काय नाही ते कळणं हेसुद्धा कळणंच आहे. मी घरी येऊन ते वाक्य बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे. मग मी आत्याला म्हणून दाखवलं. तीही म्हणाली, बरोबर आहे. घरात न कळणारा मी एकटाच होतो.

मग आली कातडीची परीक्षा. त्या दिवशी बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून मी एकटाच झुलप्याला घेऊन गेलो. त्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन कुशीवर निजवलं. त्याच्या बरगड्यांवरचे केस काढायचे होते. बाईंनी मशीन हातात घेतलं आणि सरळ मधूनच चालवायला लागल्या. मला राहवेना.

“द्या इकडे,” मी म्हटलं.

त्यांनी दिलं. मी चौकोन काढून, कडा धरून, हलक्या हाताने भादरलं. बाई म्हणाल्या, इतका सुबक भादरलेला कुत्रा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मला मोठं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तो आनंद अर्धा तासही टिकला नाही.

त्या चौकोनावर त्यांनी पेनाने ठिपक्यांच्या रांगा काढल्या. प्रत्येक ठिपक्याजवळ बारीक सुईने कातडीत एकेक थेंब सोडला. गवताचे पराग, झाडांचे पराग, बुरशी, मांजर आणि असंच काय काय. ज्याची ॲलर्जी असेल तिथे गांध उठणार. मग आम्ही वाट बघत बसलो. मी भादरलेल्या त्या स्वच्छ कातडीवर थोड्या वेळाने खरंच गांधी उठायला लागल्या.

“ही बघा, सगळ्यांत मोठी,” बाई बोट ठेवून म्हणाल्या. “घरातल्या धुळीत एक किडा असतो, डोळ्यांना न दिसणारा. गाद्या-उशांमध्ये राहतो. त्याची ही. आणि तिच्या खालची लहान, ती माणसाच्या कोंड्याची.”

“कुणाच्या?”

“कुणा एकाच्या नाही हो. माणसाच्या. आपल्या सगळ्यांच्या अंगावरून कातडीचा बारीक भुगा झडत असतो ना, त्याची. काही कुत्र्यांना असते.”

त्यापुढे बाई बरंच बोलल्या. इंजेक्शनं बनवून घ्यायची म्हणाल्या, कित्येक महिने द्यावी लागतील म्हणाल्या, तोवर खाजेच्या गोळ्या चालू ठेवा म्हणाल्या, आजार पूर्ण जात नाही पण सांभाळता येतो म्हणाल्या. मी मान हलवत होतो. माझं सगळं लक्ष त्या लहान गांधीकडे होतं. माणसाचा कोंडा! जगात झुलप्याला सोसत नसलेल्या वस्तू दोन, आणि त्यातली एक मी रोज कॉलरमध्ये भरून घरी आणतो. न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरा, केसच निघायचे, म्हणतात ना. माझ्या अंगावर साऱ्या गल्लीचा कोंडा. आणि तो रोज संध्याकाळी त्यातच नाक घालून लांब श्वास घ्यायचा.

घरी येऊन सांगितलं, तर आत्या आधी हसली आणि मग एकदम गंभीर झाली. “मग त्याला पाठवायचं कुठे? जिथे माणसं नाहीत असं घर कुणाचं आहे?”

“कुठेही पाठवायचा नाही,” मी म्हटलं. “मी जातो.”

“अहो, काहीतरी काय?” बायको म्हणाली. “मी माणूस नाही का? आत्या नाहीत?”

“तुम्ही आपापल्याच कोंड्याच्या. मी सगळ्यांचा आणतो.”

बायकोने डॉक्टरांनी दिलेला कागद वाचला. “इथे बिछाना गरम पाण्यात धुवा, एवढंच लिहिलंय.”

“खोळ दर रविवारी धुतोच की मी.”

तिने कागदाची घडी घालून ठेवली. मला एवढंच दिसत होतं की एकतर झुलप्या जाणार किंवा मी जाणार, आणि तो कुठे जाणार? त्याला स्वयंपाक येत नाही, दुकान नाही. दुकान मला होतं. तेव्हा मी दुकानात राहायला गेलो. गिऱ्हाइकाची खुर्ची मागे पाडली की झोपण्यापुरती होते. निघताना तो एकटा पडेल म्हणून मी एक युक्ती केली. गादीची शिवण उसवली, अंगातला शर्ट काढून टॉवेलांच्या मधोमध घातला आणि पुन्हा शिवून टाकली. म्हटलं, आपण नाही तर नाही, आपला वास तरी त्याच्याजवळ राहील.

सकाळी बायको पोस्टात जाताना डबा द्यायला यायची. दुकानात उभ्याउभ्या सगळी हकिकत सांगायची. इंजेक्शनं आली होती. ती तिने द्यायला सुरुवात केली, मानेमागची कातडी चिमटीत धरून.

“आहे काय त्या इंजेक्शनात?” मी विचारलं.

“तेच. तो किडा आणि माणसाचा कोंडा. अगदी थोडा. हळूहळू वाढवत न्यायचा.”

“ज्याचा त्रास, तेच टोचायचं?”

“असं म्हणतात. थोडंथोडं दिलं की अंगाला सवय होते.”

मी वस्तरा पुसत राहिलो. मग बाहेर राहून मी करतोय काय? माणूस काढून घ्यायचा, आणि माणूसच टोचायचा? दिवसभर तेच डोक्यात घोळत होतं. एका गिऱ्हाइकाच्या एका बाजूचे कल्ले मी चक्क वर घेतले. तो बिचारा आरशात बघून दुसऱ्या बाजूचेही तसेच घ्या म्हणाला.

“खाज कशी आहे?” मी रोज विचारायचो.

“तशीच. जास्तच, म्हणा ना. गादीवरून उठतच नाही. खातो आणि परत तिथेच जाऊन पडतो.”

मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटायचं. शर्टाचा उपयोग झाला म्हणायचा. पण मला त्याची फार आठवण यायची. संध्याकाळी दुकान बंद केलं की कॉलर कुणी हुंगत नाही, हे अंगाला कळायचं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कळत होतं की मी घरी येतो म्हणजे कुणाकडून तरी तपासून घेतला जातो.

पुढच्या तपासणीला आम्ही दोघं गेलो. बायको त्याला घेऊन आली, मी परस्पर. मला बघताच झुलप्याने असा हिसका दिला की तिच्या हातातून दोरी सुटायची वेळ आली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि हात मागे घेतले. तो मागच्या दोन पायांवर उभा राहून रडत होता, आणि मी वर छताकडे बघत होतो, कारण खाली बघितलं असतं तर मीही रडलो असतो.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “तुम्ही त्याला हात का लावत नाही?”

“मी माणूस आहे,” मी म्हटलं.

“ते दिसतंय मला.”

मग बायकोने सगळं सांगितलं. दुकान, खुर्ची, डबा. बाईंच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग त्यांनी ते आवरलं. “असं मी कधी म्हटलं?” त्या म्हणाल्या. “ती गांध लहान होती. माणसांपासून कुत्र्याला लांब ठेवता येत नाही, ठेवायचंही नसतं. म्हणून तर तो कोंडा इंजेक्शनात घातलाय. मोठी गांध किड्याची आहे. तुम्ही लांब राहून खाज वाढली, याचंच मला नवल वाटतंय. गोळ्यांवर असताना वाढायला नको. तो दिवसभर असतो कुठे?”

“त्याच्या गादीवर.”

“ती धुता?”

“दर रविवारी,” मी म्हटलं. “खोळ.”

“आणि आत काय आहे?”

मी सांगायला तोंड उघडलं. टॉवेल, म्हटलं. दुकानातले. ज्यांनी कित्येक गिऱ्हाइकांच्या माना पुसल्या, ती कापडं. कधी न धुतलेली, कारण ती आत शिवलेली. शब्द तोंडातून येता येता मलाच ऐकू आले आणि मी थांबलो. मग हळूच म्हटलं, “आणि माझा एक शर्ट. अंगातला. जाताना घातला.”

झुलप्या कान खाजवत होता.

“तो किडा माणसाच्या झडलेल्या कातडीवरच जगतो,” बाई अगदी हळू म्हणाल्या. “तुम्ही त्याला घर बांधून दिलंत, आणि जाताना शिधाही ठेवलात.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” बायको म्हणाली. “आणि संन्यासी स्वतःच जाऊन फासावर चढला.” पण म्हणताना तिने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

त्याच दुपारी मी घरी गेलो. गादी अंगणात नेऊन उसवली, तेव्हा आतून जे निघालं त्याचा वास मला ओळखीचा होता, माझ्या दुकानाचा, माझ्या साऱ्या दिवसांचा. शर्ट काढून घ्यावा असं वाटलं, पण घेतला नाही. सगळं गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीत दिलं. आत्याने एक जुनी चादर गरम पाण्यात उकळली, चार पदरी घडी घालून कोपऱ्यात अंथरली. “रोज बदलायची,” म्हणाली. “माझे गुडघे असेपर्यंत मी बदलीन.”

बाईंनी मला एवढंच सांगितलं होतं की दुकानातून आलात की आंघोळ करा, कपडे बदला, आणि मग काय लाड करायचे ते करा. मी एवढ्यावर थोडाच थांबणार? डोक्यापासून नखांपर्यंत दोनदा साबण लावला. धुतलेला सदरा घातला. वासाचा कणही राहिला नाही म्हटल्यावर बाहेर आलो आणि दारात, नेहमीच्या जागी, खाली बसलो.

झुलप्या धावत आला आणि दोन पावलांवर थबकला.

त्याने माझे हात हुंगले. मान तिरकी केली. कॉलरमध्ये नाक घातलं, तिथे कुणीच नव्हतं. एकही गिऱ्हाईक नाही, एकही केस नाही. तो मागे सरला, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा हात हुंगले. शेपटी हलेना. चेहरा त्याच्या माणसाचा, आवाज त्याच्या माणसाचा, आणि माणूस कुठे आहे ते त्याला सापडेना. इतके दिवस मी गोंधळलो होतो, आता तो गोंधळला होता, आणि मला त्याला काहीच समजावता येत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं करून मी त्याच्यासाठी परका होऊन बसलो होतो.

“हाक मारा ना,” बायको मागून म्हणाली.

पण त्याआधीच त्याने पुढचे पाय माझ्या मांडीवर टेकवले, नाक लांब केलं आणि माझ्या उजव्या कानामागे नेलं. तिथे तो बराच वेळ थांबला. मग एक लांब श्वास सोडला आणि त्याचं सगळं अंग हलायला लागलं, शेपटीसकट.

कानामागे साबण पोचला नसावा. आत्या लहानपणापासून तेच सांगत आलीय, कानामागे धुत जा म्हणून. हल्ली खाज पुष्कळ कमी आहे, इंजेक्शन मीच देतो, आणि दुकानातून आलो की रोज आंघोळ करतो. कानामागचं तेवढं राहूनच जातं.